अकरा वर्षांची एक विनंती



सुरुवातीलाच एक प्रश्न विचारते. तुमच्याकडे अशी एखादी प्रार्थना आहे का, जी तुम्ही इतकी वर्षे करत आहात की आता ती दुसऱ्याला सांगायलाही संकोच वाटतो? मुलाचे व्यसन, मुलीचे मोडलेले घर, स्वतःचा आजार, सुनेशी धरलेला अबोला, काहीही असेल. पहिल्या वर्षी मंडळीत सगळे आपल्यासाठी प्रार्थना करतात. दुसऱ्या वर्षी “काय झालं हो त्याचं?” असे अधूनमधून विचारतात. मग विचारणेही थांबते. आपणही विनंतीच्या चिठ्ठीवर ती गोष्ट लिहायचे सोडून देतो. मनात मात्र ती तशीच असते.

माझ्याकडे अशी एक प्रार्थना होती. अकरा वर्षे मी ती रोज केली. त्या अकरा वर्षांत काय झाले आणि काय झाले नाही, ते आज तुम्हाला जसेच्या तसे सांगणार आहे.

तिरुवल्लिकेणीतली पहाट

माझे माहेर तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातले. २००५ साली यजमानांची बदली चेन्नईला झाली आणि आम्ही तिरुवल्लिकेणीत भाड्याच्या घरात राहायला आलो. इंग्रजांच्या तोंडी या भागाचे नाव ‘ट्रिप्लिकेन’ झाले. मूळ तमीळ नावाचा अर्थ मात्र सुंदर आहे. तिरु म्हणजे पवित्र, अल्ली म्हणजे कुमुद, केणी म्हणजे तळे. पार्थसारथीचे प्राचीन मंदिर, १७९५ साली उभी राहिलेली वालाजा मशीद, नोकरीसाठी आलेल्या एकट्या पुरुषांची ‘मॅन्शन’, फुटपाथवर मांडलेली जुनी पुस्तके आणि पूर्वेला मरीनाचा समुद्र, असा हा सगळा दाट वस्तीचा भाग. मला तमीळ येत नव्हते. ओळखीचे कोणी नव्हते. त्यामुळे पहाटेची वेळ तेवढी माझी होती.

पावणेपाचला उठायचे, स्वयंपाकघरात खिडकीजवळच्या स्टुलावर बसायचे आणि प्रार्थना करायची, असा क्रम मी ठरवून घेतला. थोड्या वेळाने अजान ऐकू येई. मग देवळाची घंटा. मग दुधाच्या पिशव्यांचे क्रेट आपटल्याचा आवाज. साडेपाचच्या सुमाराला समोरच्या घरातल्या पाट्टी, म्हणजे आजी, बाहेर येत. अंगण म्हणजे फक्त दारापुढची हातभर जागा. तिथे पाणी शिंपडून त्या तांदळाच्या पिठाने कोलम काढत. संध्याकाळपर्यंत मुंग्या, सायकली आणि माणसांचे पाय मिळून ते पुसून टाकत. दुसऱ्या दिवशी पाट्टी पुन्हा वाकलेल्या.

काही महिन्यांनी, मोडकेतोडके तमीळ यायला लागल्यावर, मी त्यांना विचारले, “पाट्टी, आता कोलमचे स्टिकर मिळतात. एकदा चिकटवलं की झालं. कंबर दुखते ना तुमची?”

त्या हसून म्हणाल्या, “मग सकाळी उठून मी काय करू?”

तेव्हा मला ते उत्तर नुसतेच गमतीचे वाटले. त्याचा अर्थ कळायला मला बरीच वर्षे लागली. ते पुढे सांगते.

मी काय मागत होते

माझा एकच भाऊ, माझ्यापेक्षा चार वर्षांनी धाकटा. २००४ साली आमचे वडील वारले. त्यांच्या स्मरणार्थ घरी प्रार्थनासभा झाली, जेवणे झाली आणि पाहुण्यांसमोरच घराच्या वाटणीचा विषय निघाला. बोलता बोलता मी म्हणाले, “बाबांच्या औषधाला पैसे द्यायच्या वेळी याचा हात आखडला, आणि घर म्हटल्यावर बरा पुढे आला.”

सगळे गप्प झाले. आईही काही बोलली नाही. भाऊ उठला, चपला घातल्या आणि निघून गेला. त्याच रात्री त्याने गाव सोडले. नंतर फोन नाही, पत्र नाही. आई त्याच्या बाजूने बोलली नाही, म्हणून तिच्यावरही त्याचा राग.

तेव्हापासून मी प्रार्थना करू लागले. “हे प्रभू, माझ्या भावाचे मन बदल. त्याला सुबुद्धी दे. त्याला परत आण.” चेन्नईला आल्यावर तीच प्रार्थना रोज पहाटे त्या स्टुलावर बसून करू लागले. मोठ्या विश्वासाने करत होते, असेच मला वाटत होते.

विधवा आणि न्यायाधीश

टिकून प्रार्थना करण्याचा विषय निघाला की आपल्याला लूककृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातली विधवा आठवते. देवाचे भय नाही आणि माणसांची पर्वा नाही, असा एक न्यायाधीश. त्याच्याकडे ती बाई पुन्हा पुन्हा जाते आणि न्याय मागते. तो बरेच दिवस टाळतो. शेवटी तिच्या येण्याला कंटाळून तिचे काम करतो.

हा दाखला मी लहानपणापासून संडे स्कूलमध्ये ऐकला होता आणि त्यावरून माझ्या मनाने एक चुकीचा धडा घेतला होता. तो असा, की देवाच्या मागे लागले, पुरेसे लागले, की तो शेवटी देतो. म्हणजे देव त्या न्यायाधीशासारखा, आणि आपले काम त्याला थकवायचे.

येशूने सांगितले ते याच्या अगदी उलट आहे. असला अन्यायी माणूसही जर शेवटी ऐकतो, तर आपल्या लेकरांवर प्रीती करणारा देव किती जास्त ऐकेल, असा त्याचा मुद्दा आहे. न्यायाधीश आणि देव यांच्यातले साम्य नव्हे, फरक दाखवण्यासाठी तो दाखला आहे. मग प्रश्न उरतो. देव जर आधीच ऐकायला तयार आहे, तर पुन्हा पुन्हा का मागायचे? त्याने पहिल्याच दिवशी ऐकले ना?

या प्रश्नाचे उत्तर मला पुस्तकात मिळाले नाही. ते त्या स्टुलावर बसून, तिसऱ्या वर्षी मिळाले.

तिसरे वर्ष

२००७ सालची गोष्ट. नेहमीप्रमाणे प्रभूची प्रार्थना म्हणत होते आणि क्षमेच्या वाक्यापाशी अडकले. जीभ पुढे जाईना. लहानपणापासून हजारो वेळा म्हटलेले वाक्य, पण त्या दिवशी तिथेच थांबले. आणि एक गोष्ट आठवली. आठवली असे तरी कसे म्हणू? मी ती कधी विसरलेच नव्हते. फक्त तिच्याकडे पाहत नव्हते.

बाबांच्या आजारपणात भावाचा कारखाना बंद पडला होता. पाच महिने त्याला पगार नव्हता. त्याने बायकोचे दागिने गहाण ठेवले होते. हे मला ठाऊक होते. वहिनीनेच मला सांगितले होते. सगळे ठाऊक असून मी ते वाक्य चारचौघांत बोलले होते, कारण त्या क्षणी मला वाद जिंकायचा होता.

तीन वर्षे मी देवाला सांगत होते, त्याचे मन बदल. तीन वर्षे देव ऐकत होता. एकदाच प्रार्थना करून मी उठून गेले असते, तर हे मला कधीच दिसले नसते. रोज तिथे जाऊन बसावे लागले, म्हणून एक दिवस माझे शब्द संपले आणि ज्याच्याशी बोलत होते, त्याचे ऐकायला जागा झाली.

वाचकहो, पुन्हा पुन्हा का मागायचे, याचे मला सापडलेले उत्तर हे आहे. देवाला आपली विनंती लक्षात राहत नाही, म्हणून आपण ती रोज सांगत नाही. रोज सांगण्याच्या निमित्ताने आपण रोज त्याच्यासमोर बसतो. आणि रोज समोर बसणाऱ्या माणसापासून फार काळ काही लपवता येत नाही. घरातही असेच असते ना? वर्षातून एकदा भेटणाऱ्या पाहुण्यासमोर आपण चांगलेच वागतो. रोज एका ताटाजवळ बसणारा मात्र आपल्याला पूर्ण ओळखतो.

त्याच दिवशी मी भावाला पत्र लिहिले. “मी त्या दिवशी बोलले ते खोटे होते आणि खोटे आहे हे मला माहीत होते. मला क्षमा कर.” एका नातेवाइकाकडून मिळालेल्या पत्त्यावर ते पाठवले.

उत्तर आले नाही.

केडगावच्या बाई

आम्ही पुण्याला सासरी जातो, तेव्हा चेन्नईहून निघालेली गाडी सोलापूर, दौंड करत पुढे जाते. दौंड सुटले की थोड्या वेळाने केडगाव लागते. आमची गाडी तिथे थांबत नाही, पण मी दर वेळी खिडकीशी जाऊन बसते. कारण पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन तिथे आहे.

रमाबाईंची आपल्याला बहुतेक मराठी ख्रिस्ती घरांत लहानपणीच ओळख होते. पण चेन्नईला आल्यावर त्यांच्या चरित्रातली एक गोष्ट मला नव्याने भिडली. हे शहर ज्या मद्रास इलाख्याची राजधानी होते, त्याच इलाख्यात १८७० च्या दशकातल्या दुष्काळात रमाबाईंचे वडील, आई आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या आत गेले. उरली ही तरुण मुलगी आणि तिचा भाऊ. दोघे पायी हिंडत उत्तरेला गेले, शेवटी कलकत्त्याला पोहोचले. पुढे भाऊही गेला. लग्न झाले आणि दोन वर्षांतच पतीही गेले. जवळ राहिली एक तान्ही मुलगी, मनोरमा.

१८८३ साली इंग्लंडमध्ये रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. पण त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, प्रत्यक्ष ख्रिस्त मिळाला नव्हता, हे त्यांना बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी कळले. इतकी विद्वान बाई, संस्कृतची पंडिता, शास्त्र वाचणारी, रोज प्रार्थना करणारी. तिलाही जवळ यायला आठ वर्षे लागली. हे वाचून मला फार धीर आला.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून सुमारे ३०० मुली आणून केडगावला आसरा दिला. पुढे गुजरातच्या दुष्काळानंतर मुक्तीतल्या स्त्रिया आणि मुलींची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या जणींना रोज दोन वेळा जेवू घालायचे, म्हणजे रोजची प्रार्थना रोजच्या धान्यासाठीच. १९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी मुलींना विचारले, आत्मिक जागृतीसाठी रोज एकत्र जमून प्रार्थना करायला कोण तयार आहे? ७० जणी पुढे आल्या. जूनपर्यंत त्या ५५० झाल्या आणि दिवसातून दोनदा जमू लागल्या. त्यानंतर मुक्तीत जे संजीवन झाले, त्याबद्दल आपण पुष्कळ ऐकतो. मला मात्र आधीचे पाच-सहा महिने जास्त महत्त्वाचे वाटतात. रोज जमायचे, रोज मागायचे, काही दिसत नसताना. त्या मुलींपैकी कितीतरी जणींनी दुष्काळात आईबाप गमावले होते. देवाकडे काही मागण्याची सवयच त्यांना नव्याने लावून घ्यावी लागली असेल.

आणि रमाबाईंची शेवटची वर्षे पाहा. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून सोप्या मराठीत पवित्र शास्त्र आणण्याचे काम त्यांनी हाती घेतले होते. अर्धशिक्षित बाईलाही ते वाचून कळावे, ही त्यांची इच्छा. ते चालू असतानाच, १९२१ साली मनोरमा गेली. एकुलती एक मुलगी, आईचा उजवा हात, पुढे हे सगळे सांभाळणारी. तिच्या आरोग्यासाठी आईने प्रार्थना केली नसेल का? पण ती गेली. रमाबाईंनी काम सोडले नाही आणि प्रार्थनाही सोडली नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्याही प्रभूकडे गेल्या. त्यांचे भाषांतर १९२४ साली मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर आले.

म्हणून, “टिकून प्रार्थना करा, मागाल ते मिळेल” असे कोणी सरसकट सांगू लागले की मला केडगाव आठवते. पौलाने शरीरातला काटा काढण्यासाठी तीनदा विनंती केली आणि काटा राहिला, कृपा मिळाली. स्वतः येशूने गेथशेमाने बागेत तीनदा एकच प्रार्थना केली आणि प्याला टळला नाही. यांचा विश्वास कमी होता असे कोण म्हणेल?

कोरडी वर्षे

माझे पत्र गेले, त्यानंतर मी दर नाताळला भावाला एक कार्ड पाठवत राहिले. २०१० च्या नाताळचे कार्ड परत आले. पत्ता सोडून गेले, असा त्यावर शेरा. आता तो कुठे आहे, हेही ठाऊक नव्हते. त्याच्या आदल्याच वर्षी आईचे खुब्याचे हाड मोडले होते आणि आम्ही तिला चेन्नईला घेऊन आलो होतो. ते परत आलेले कार्ड मी तिला दाखवले नाही. पण तिला कळले. आयांना कळते.

पुढची पाच वर्षे सर्वांत कठीण गेली. राग गेला होता, अपराधाची कबुली दिली होती. मग आता देव कशासाठी थांबला आहे? कित्येक पहाटे मी नुसती बसून राहायचे. शब्द नसायचे. कधी झोप लागायची. कधी “आज मी फक्त आले आहे” एवढेच म्हणून उठायचे.

अशाच एका दुपारी मी मरीनाच्या कडेने दक्षिणेला सांथोमच्या मोठ्या चर्चमध्ये गेले. प्रेषित थोमाची कबर तिथे आहे, अशी परंपरा आहे. आजची पांढरी इमारत १८९६ सालची. सगळ्या शिष्यांतला शंका घेणारा शिष्य आमच्या घरापासून इतक्या जवळ, याची मला गंमत वाटली आणि आधारही. येशूने त्याला शंकेबद्दल हाकलून दिले नाही. जवळ बोलावले, हात पुढे कर म्हणाला. मागच्या बाकावर बसून मीही माझ्या सगळ्या शंका बोलून टाकल्या. घरी येताना मन हलके झाले होते, एवढेच.

त्या काळात मला एक सोबतीण मिळाली. आमच्या मंडळीतल्या एक अक्का. त्यांचा मुलगा दारूत बुडालेला. दर बुधवारी त्या आमच्याकडे यायच्या. त्या तमीळमध्ये प्रार्थना करायच्या, मी मराठीत, आई खुर्चीत बसून आमेन म्हणायची. एकमेकींचे निम्मे शब्द कळत नव्हते. पण माझे शब्द संपले त्या दिवशी त्यांचे चालू असायचे, आणि त्यांना रडू फुटले की माझे.

हन्नाची गोष्ट मी तेव्हा नव्याने वाचली. मुलासाठी ती मंदिरात इतकी कळवळून प्रार्थना करत होती की एली याजकाला ती प्यायलेली वाटली. आपल्याला पुढचा शमुवेलाचा जन्म आठवतो. पण शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात मधे एक छोटा तपशील आहे. प्रार्थना करून ती परत गेली, जेवली, आणि तिचा चेहरा पुन्हा उदास राहिला नाही. मूल अजून झालेले नव्हते. परिस्थिती होती तीच. तरी चेहरा बदलला. उत्तर येण्याआधी तिला काहीतरी मिळाले होते.

तेव्हा मला पाट्टींचे बोलणे आठवले. कोलम पुसले जाणार, हे त्यांना रोज ठाऊक असते. त्यांना ते एकदाचे उरकायचे नसतेच. पहाटे उठून दारात यायचे, हाच त्यांचा दिवस. माझेही तसेच झाले होते. भावासाठी म्हणून सुरू केलेली ती वेळ आता देवाबरोबरची वेळ झाली होती. उद्या भाऊ परत आला असता, तरी मी पावणेपाचला उठलेच असते.

डिसेंबर २०१५

१ डिसेंबर २०१५. चेन्नईकर ती रात्र विसरणार नाहीत. पाऊस थांबतच नव्हता. अड्यार नदीला पूर आला, शहराचे कितीतरी भाग पाण्याखाली गेले. आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी होते. वीज गेली, मग मोबाईलही बंद पडले. १८७८ साली आमच्याच तिरुवल्लिकेणीतल्या सहा तरुणांनी सुरू केलेला ‘द हिंदू’ दुसऱ्या दिवशी छापलाच गेला नाही. मेणबत्तीच्या उजेडात आई, मी आणि यजमान बसून होतो. पाट्टींना आम्ही आमच्याकडे वर आणले होते. पहाटे मी त्याच स्टुलावर बसले, पाण्याचा आवाज ऐकत.

दोन दिवसांनी नेटवर्क आले आणि फोन एकामागून एक वाजू लागला. नातेवाइकांचे, मंडळीतल्या लोकांचे निरोप. त्यांत एका अनोळखी क्रमांकावरून आलेला एक निरोप होता.

“ताई, तू आणि आई ठीक आहात ना?”

मला ताई म्हणणारा जगात एकच माणूस आहे.

मी तो आईला वाचून दाखवला. तिने फोन हातात घेतला, चष्मा लावला आणि स्वतः वाचला. मग म्हणाली, “त्याला सांग, आम्ही ठीक आहोत. आणि विचार, जेवलास का?”

पुढच्या फेब्रुवारीत तो आला. मी गॅलरीतून पाहत होते. गल्लीत शिरला, पाट्टींच्या कोलमपाशी थबकला, पाय पडू नये म्हणून कडेने वळून आमच्या जिन्याकडे आला. केस पांढरे झालेले. आईच्या पायाशी बसला आणि बराच वेळ कोणी काही बोलले नाही. रात्री आम्ही दोघेच होतो, तेव्हा म्हणाला, “तुझं ते पत्र मिळालं होतं मला.”

“मग उत्तर का नाही दिलंस?”

“जमलं नाही. पण फाडलंही नाही.”

वाचकहो, ही गोष्ट इथे गोड करून संपवण्याचा मोह होतो. पण खरे ते सांगते. घराच्या वाटणीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. भाऊ अजून मंडळीत येत नाही. त्यासाठी माझी नवी प्रार्थना सुरू आहे. अक्कांचा मुलगा सुधारला नाही. तो २०१७ साली गेला, आणि अक्का आजही बुधवारी येतात. आई २०१८ साली प्रभूकडे गेली. तिला खांदा द्यायला तिचा मुलगा होता, याबद्दल मी देवाची किती आभारी आहे ते सांगता येत नाही. तरी त्याच्या वाटेकडे डोळे लावण्यात आईची अकरा वर्षे गेली, त्याचा हिशेब मला आजही लागत नाही.

एवढे मात्र कळते. तो निरोप पहिल्या वर्षी आला असता, तर मी त्याला माफी मागायला लावली असती. अकराव्या वर्षी आला, तेव्हा मला त्याच्याकडून काहीच नको होते. तो हवा होता, बस्स.

तुमच्यासाठी चार गोष्टी

मी पाळक नाही, उपदेशक नाही. पण अनुभवातून शिकलेल्या चार गोष्टी सांगते.

एक, वेळ आणि जागा ठरवा. लहान असली तरी चालेल. दहा मिनिटे, पण रोज. मन लागेल तेव्हा प्रार्थना करू, असे म्हटले तर मन लागतच नाही. फोन मात्र दुसऱ्या खोलीत ठेवा.

दोन, खरे बोला. राग आला असेल तर राग, कंटाळा आला असेल तर कंटाळा. स्तोत्रकर्त्यांनी देवाला किती कठीण प्रश्न विचारले आहेत, ते पाहा. शब्द नसतील तर नुसते बसा. तो दिवसही वाया जात नाही.

तीन, एकट्याने ओझे वाहू नका. तुमच्याबरोबर प्रार्थना करणारे एक तरी माणूस शोधा. त्याचा प्रश्न वेगळा असेल, भाषाही वेगळी असेल, तरी चालेल.

चार, प्रार्थना करा आणि जे करायला हवे तेही करा. ती विधवा घरी बसून राहिली नाही, न्यायाधीशाच्या दारात गेली. आजार असेल तर डॉक्टरांकडे जा. घरात मारहाण होत असेल तर गप्प राहून सोसू नका, मदत मागा. आणि प्रार्थनेत देवाने तुम्हाला पत्र लिहायला सांगितले, तर त्याच दिवशी लिहा. उत्तर येईल की नाही, ते त्याच्यावर सोपवा.

आज रात्री, ती जुनी, सांगायला संकोच वाटणारी विनंती पुन्हा एकदा देवासमोर ठेवाल का? माझ्याबरोबर एवढीच प्रार्थना करा:

हे प्रेमळ पित्या, ही गोष्ट मी तुला पुष्कळदा सांगितली आहे. आज पुन्हा सांगतो, पुन्हा सांगते. तू ऐकतोस यावर विश्वास ठेवायला मला मदत कर. तू मला काही दाखवू इच्छित असशील, तर ते पाहण्याचे धैर्य दे. उत्तर लवकर येवो वा उशिरा, मला तुझ्याजवळून उठून जाऊ देऊ नकोस. प्रभू येशूच्या नावात मागतो. आमेन.

देव तुम्हा सर्वांना आणि तुमच्या घरादाराला आशीर्वाद देवो.